आधी रिकामं कुणी व्हायचं

करंजवाडी, ता. वेल्हे
२ फेब्रुवारी १९७६

चि. कुंडलिकास आक्काचा आशीर्वाद, आन दोन म्हयनं पत्र न्हाई म्हनून पाठीत एक धपाटा.

ममईत शाई म्हाग झाली का रं? आई रोज टपालवाल्याच्या येळंला उंबऱ्यात बसती. त्यो गेला की म्हनती, "त्याला काम असंल." म्या म्हनते, असंल बाई. नवऱ्यानं टाकलेल्या भनीला काम नसतं, म्हनून ती लिवती.

तर ऐक. धरनाची भित निम्मी उठली. जूनमदी पानी अडवनार आन आपली वाडी जानार. खाली भीमेकडं कालव्याखाली घराला जागा आन जमीन देनार हायेत, पन यादीत नाव असंल त्यालाच. चावडीवर फारम भरून घेतले. तलाठ्यानं इचारलं, जमीन कुनाच्या नावावर? आई म्हनली, हाय तशी लिवा.

हाय तशी म्हंजी आपलं भाताचं खाचर गेनबानानांच्या नावावर, आन नानांचं खाचर आपल्या दादांच्या नावावर. दादा गेल्यावर तिथं आई आन तू लागलास. चिमाजी आज्याची करनी! भाटघरचं धरन झालं तवा त्याच्या भावानं एकट्यानंच अंगठा दिला, मोबदला घेतला आन दिसंना झाला. आजा उघड्यावर पडला. म्हनून हितं पोरांची वाटनी करताना त्यानं थोरल्याचं, म्हंजी दादांचं, धाकट्या नानांच्या नावावर घातलं आन नानांचं थोरल्याच्या. एकट्यानं इकाया नगं, एकट्यानं पळाया नगं. बांधावरला फनस तोडला त्या भांडनापासनं आई आन नाना नऊ वर्सं एकमेकांशी बोलत न्हाईत, पन जमीन कुनी इकली न्हाई, ह्ये बी खरं.

तू एवढा शिकलास, तर आपलं नाव यादीत नीट पडंल का, तेवढं कळव.

तुझी आक्का,
बना

मुंबई
११ फेब्रुवारी १९७६

ती. आक्कास कुंडलिकचा नमस्कार.

धपाटा पोचला. तुझं पत्र घाईघाईत वाचलं, आजोबांची गोष्ट वाचून हसू आलं. आता मी सांगतो ती बातमी ऐक. तुमची यादी मीच करतोय!

आमच्या संस्थेत परदेशातून संगणक आलाय. धरणाच्या कचेरीनं खोऱ्याच्या यादीचं काम आमच्याकडे दिलं आणि साहेबांनी ते माझ्या गळ्यात घातलं. फॉर्ममागे एक कार्ड, कार्डाला भोकं. त्यावर नावं नसतात, फक्त नंबर. नावं कचेरीच्या वहीत.

मशीनला काम सांगायची भाषा नॉर्वेत तयार झालेली, सिम्युला. तिच्यात आधी साचा करायचा, त्याला क्लास म्हणतात. विटेचा साचा असतो तसाच. माझे साचे दोन, एक कुटुंबाचा आणि एक जमिनीचा. कुटुंब घडवायला घेतलं की ते विचारतं, माझी जमीन कुठली? जमीन घडवायला घेतली की ती विचारते, माझा मालक कोण? म्हणजे ह्याच्यावाचून ते पुरं होत नाही आणि त्याच्यावाचून हे. मशीन आपलं कुटुंबाकडून जमिनीकडे, जमिनीकडून पुन्हा कुटुंबाकडे फिरत राहायचं. आतली जागा संपायची आणि बंद पडायचं. पंधरा दिवस मी डोकं धरून बसलो होतो.

मग तोडगा काढला. एकदा येऊन गेलेलं घर पुन्हा समोर आलं की थांबायचं. घर, त्याची जमीन आणि लगेच तेच घर, असं आलं तर ठीक. पण मधे दुसऱ्याच्या दारावरून फिरून परत आलं, तर एकच जमीन दोघांनी लावलेली असणार, लबाडी. दोन्ही कार्डं दुबार म्हणून बाहेर. आख्ख्या खोऱ्यात अशी जोडी एकच निघाली, २१४ आणि २१५. एकमेकांचं शेपूट धरून गरगर फिरत होते लेकाचे! काढून टाकले. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली.

तेव्हा आईला सांग, निर्धास्त राहा. यादी घरच्या माणसाच्या हातात आहे.

तुझा,
कुंडलिक

करंजवाडी
२० फेब्रुवारी १९७६

चि. कुंडलिका,

आईनं तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. मग गावभर सांगत सुटली, "माज्या कुंडलिकानं यादी केलीया." सखूबाईनं इचारलं, मंग आमचं नाव वर घालाया सांग की. आई म्हनली, "त्येचं मशीन वशिला घेत न्हाई." ताठा बघ म्हातारीचा!

त्या दोन चोरांना हाकललंस, ब्येस केलंस. आमी हितं घर सोडाया बसलोय आन ह्यास्नी दुबार जमीन पायजे. कोन मेले त्ये? खोऱ्याच्या वरल्या अंगाचे असतील. आमचा नंबर बघावा म्हनलं, तर फारमाची पावती आईनं उतरंडीच्या तळच्या गाडग्यात घातलीया. जाऊ दे. नाव असल्याशी मतलब.

नाना बांधावर दिसले. म्या मुद्दाम मोठ्यानं सांगितलं तुझं कवतिक. पटका सारका करून हसले.

बना

करंजवाडी
१९ एप्रिल १९७६

कुंडलिक,

काल चावडीवर यादी लागली. एकशे अडोतीस घरं. म्या वरनं खाली वाचली, मंग खालनं वर वाचली. आपलं नाव न्हाई. मला वाटलं पान गळलं. नानांचं बघितलं, त्यांचं बी न्हाई.

तलाठी म्हनला, यादी मशीननं केलीया, मशीन चुकत न्हाई. लोक माज्याकडं बघाया लागले. सखूबाई म्हनली, "भावानं केलेली ना गं?" जिमीन फाटून आत घ्यावं असं झालं.

घरी येऊन उतरंड उतरवली. पावती काढली. मंग तुझं पत्र काढलं. दोन्ही शेजारी ठिवले.

२१४ आमी. २१५ नाना.

कुंडलिका, त्ये चोर आमी हाय रं. तुला पत्रात सगळं लिवलं व्हतं, कुनाचं कुनाच्या नावावर त्ये. तू वाचलंस आन हसलास. आईला अजून सांगितलं न्हाई म्या. ती म्हनती मशीनला कायतरी झालं असंल, कुंडलिक दुरुस्त करंल. भाताच्या रोपाची दाढ भाजाया गवऱ्या रचतीया. भात लावायचं कुठं, ह्ये म्या तिला कसं सांगू?

हरकत घ्याया १४ मे परयंत मुदत हाय. कायतरी कर.

बना

मुंबई
२४ एप्रिल १९७६

आक्का,

पत्र वाचून दोन दिवस अन्न गेलं नाही. नियम मीच लिहिला. माझ्याच घराला लबाड ठरवलं. आजोबांनी माणसं बांधून ठेवायला जी गाठ मारली ती मला फसवणूक वाटली, कारण कार्डावर चिमाजी नव्हता, फेरफार नव्हता, फणसही नव्हता. दोन आकडे होते.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, यादी सही होऊन गेली, आता कचेरीकडून लेखी पत्र आल्याशिवाय हात लावायचा नाही. तेव्हा कचेरीत जा, तिथून एवढंच पत्र घे की २१४ आणि २१५ पुन्हा तपासावेत. ते आलं की मी लगेच मशीन लावतो. मशीनवर आमची पाळी फक्त शुक्रवारी असते, त्यामुळे उशीर करू नकोस.

आईला सांगू नकोस. मी निस्तरतो.

कुंडलिक

करंजवाडी
१ मे १९७६

कुंडलिक,

निस्तरतो म्हनं! ऐक मंग.

चार येळा भोरला जाऊन आले. कचेरीतला साहेब म्हनला, मशीनच्या यादीत नाव असंल त्याचाच अर्ज घेतो. म्या म्हनलं, नाव न्हाई म्हनून तर अर्ज. त्यो म्हनला, आदी नाव आना. म्या म्हनलं, मशीनवाला म्हनतो आदी तुमचा अर्ज आना. त्यो म्हनला, बाई, त्ये तुमी आन मशीन बघून घ्या. तुझं मशीन गरगर फिरत व्हतं म्हनलास ना? आता म्या फिरतीया. वेल्हं, नसरापूर, भोर, परत वेल्हं. पायाच्या टाचा फुटल्या.

आईला कळलं. यादी आयकून आलेल्या बायांनी सांगितलं. ती रडली न्हाई. गवऱ्या परत माळ्यावर न्हेऊन रचल्या.

शेवटाला कचेरीतल्या एका म्हाताऱ्या कारकुनाला दया आली. त्यो म्हनला, नावं सरळ करून घ्या. ज्याचं खाचर त्याच्या नावावर. मुदतीच्या आत तलाठ्यानं नोंद धरली, तर म्या हातानं यादीत घालतो. पन तलाठी म्हनतो, गुतलेली दोन खाती हायेत, एका दिशी दोन्ही नोंदी धरनार न्हाई. आदी एक, तिची नोंद लागली की दुसरी. त्यो वेल्ह्यात मंगळवारी आन शुक्रवारी बसतो, त्यात येता आठवडा रजेवर हाय. म्हंजी ११ तारखंला एक, १४ ला दुसरी. त्याच्या फुडं मुदत न्हाई.

आता बघ. ज्यानं आदी सही केली, त्याच्या नावावर तीन दीस कायबी न्हाई. आन दुसरी नोंद ऱ्हायली, तर जलमभर न्हाई. आई म्हनती, "आदी त्यांनी सोडावं, त्यांनीच फनस तोडला व्हता." नाना म्हनतात, "आदी तिनं." म्या बांधाच्या ह्या बाजूनं त्या बाजूला निरोप घेऊन पळतीया. आपल्याकडनं तर आईचा अंगठा आन तुझी सही, दोन्ही लागनार, समक्ष. नानांचं त्यांच्या एकट्याच्या हातात.

सांग, आदी कोन?

बना

मुंबई
५ मे १९७६

आक्का,

तुझा प्रश्न मी इथे सोडवून बसलोय, मशीनमधला. खरा उपाय पंधरा ओळींचाच होता, मला आधी सुचला नाही. दोन्ही घरं आधी घडवायची, पण जमिनीची जागा मोकळी सोडायची. तिथे काही नाही असं लिहायचं. त्याला त्या भाषेत शब्द आहे, 'नन', म्हणजे कुणीच नाही. मग जमिनी घडवायच्या. सगळे जागेवर उभे राहिले की मग नाती जोडायची. थोडा वेळ कुणीतरी रिकामं राहतं. त्याच्याशिवाय गाठ सुटत नाही, मशीनमध्येही नाही आणि वेल्ह्याच्या चावडीतही नाही.

हे नानांना वाचून दाखव. त्यांना सांग, त्यांनी मंगळवारी सही करावी. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं मी वेल्ह्यात हजर असेन आणि त्यांचं खाचर त्यांच्या नावावर करून देईन. दादांची शपथ घेऊन सांगतो.

कुंडलिक

वेल्हे, चावडीच्या ओट्यावरनं
११ मे १९७६, मंगळवार

कुंडलिका,

झालं. नानांनी सही केली.

तुझं पत्र परवा त्यांना वाचून दाखवलं. ठकुकाकू म्हनली, "धनी, थोरल्या घरावर इस्वास ठिवू नगा." नानांनी हातानं तिला थांबवलं. मंग म्हनले, "बने, त्यो रिकामं म्हनतो त्ये पुन्यांदा वाच." म्या वाचलं. म्हनले, "माज्या बाला भाटघरला कुनी इचारलं न्हाई रिकामा व्हतोस का. मला इचारलंया, त्ये बरं हाय. वहिनीला पोरं हायेत. मला आन ठकीला कोन? रिकामं व्हायचं तर म्याच व्हतो."

आज सकाळी धुतलेलं धोतर नेसून आले. तलाठ्यानं सही दाखवली, त्यांनी हळूहळू सवताचं नाव लिवलं, गेनबा चिमाजी. नोंद धरली. आपलं खाचर आता आपलं. नानांच्या नावावर वीतभर बी न्हाई.

आई ओट्याखाली हुबी व्हती. नाना तिच्याम्होरनं गेले तवा तिनं पदर डोईवर घेतला. बोलली न्हाई, पन पदर घेतला बघ.

ह्ये पत्र येळंवर मिळंल न मिळंल, म्हनून फुडं भोरला जाऊन तार बी करतीया. आईचा अंगठा तयार हाय. सकाळच्या गाडीला नाना सोता ष्टॅन्डावर येनार हायेत तुला घ्याया. ये बाबा.

बना

करंजवाडी
१५ मे १९७६

कुंडलिक,

काल वेल्ह्याला चार गाड्या आल्या. साडेआठची, अकराची, दोनची आन साडेचारची. चारी गाड्यांच्या दारात नाना हुबे व्हते. परत्येक मानूस उतरंस्तोवर. अकराच्या गाडीला एक चश्मेवाला उतरला, नाना "कुंडलिक" म्हनून फुडं गेले. त्यो मास्तर निघाला.

आईनं अंगठा दिला. तलाठी म्हनला, सही? सही कुठाय? पाचाला त्यानं दप्तर बांधलं. आई त्याच्या पायाशी बसली. व्हय, आपली आई. म्हनली, "माजं खाचर परत त्यांच्या नावावर करा, मला नगं." तलाठी म्हनला, "मुदत संपली."

२१४ हातानं यादीत लागला. २१५ न्हाई.

गाडीला काय झालं, का तुला बरं न्हाई? तेवढंच लिव. दुसरं काय लिवू नगंस. माज्यात वाचायची ताकद न्हाई.

बना

मुंबई
२२ मे १९७६

ती. नानांस,

हे पत्र आक्का वाचून दाखवील. तिलाही माझ्याकडून हेच ऐकायचं आहे.

मला बरं होतं. गाडीलाही काही झालं नाही. तार गुरुवारी दुपारी हातात पडली. त्या दिवशी निघालो असतो तर सकाळी वेल्ह्यात असतो. पण रजा मागायची तर कारण सांगावं लागणार होतं. साहेबांना मी एप्रिलमध्येच खोटं सांगितलं होतं, की कचेरीनं कार्डं चुकीची पाठवली. माझा नियम चुकला हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्या कामाला पाठ थोपटली त्याच कामानं माझं घर बुडवलं, हे तोंडातून निघेना.

आणि शुक्रवारी मशीनवर माझी पाळी होती. वाटलं, सकाळीच नवी यादी काढली तर दोन्ही घरं आपोआप येतील. कुणाला सही नको, कुणाला माझी चूक कळायला नको. नवा प्रोग्रॅम लावला. एकदाही अडकला नाही. ११ वाजून १० मिनिटांनी यादी छापून आली, एकशे चाळीस घरं. कागद घेऊन साहेबांकडे धावलो. ते म्हणाले, कचेरीचं पत्र कुठाय? त्या वेळी तुम्ही कुणातरी मास्तरला कुंडलिक म्हणत होतात.

आता साहेबांना सगळं सांगितलं आहे. कामावरून काढलं नाही, पण ते काम काढून घेतलं. मला त्याचं काही नाही.

तो कागद सोबत ठेवला आहे. शेवटच्या दोन ओळी बघा, २१४ आणि २१५. तुमचं नाव त्यासमोर मी हातानं लिहिलंय. त्याला किंमत नाही, ठाऊक आहे. नव्या जमिनीतला माझा सगळा हिस्सा मी तुम्हांला लिहून देतो. शब्द देतो. नाना, मला माफ करा असं म्हणायचीही लाज वाटते.

कुंडलिक

करंजवाडी
१ जून १९७६

कुंडलिकास गेनबा चिमाजी याचा आशीर्वाद. लिवनार बना. म्या सांगतो, ती लिवती. रडून शाई फिसकटली तर ती तिची.

तुजा कागद पोचला. माजं नाव चांगलं लिवलंयस, वळनदार. ठकीनं त्यो घडी करून कुंकवाच्या डबीत ठिवला.

घराची कौलं उतरली. परवा ट्रक येनार हाय. डायवर काल सामान बघाया आला व्हता. आमचं नाव न्हाई म्हनून आमच्या सामानाला जागा न्हाई म्हनला डायवर. तर तुजी आई सामानावरनं खाली उतरली आन त्येला म्हनली, "भावजी बसल्याबिगर म्या बसनार न्हाई." नऊ वर्सांनी भावजी म्हनली. फनसाचं लाकूड आमीच तोडलं व्हतं, तिचं बरोबर व्हतं, त्ये म्या तिला सांगितलं. तर असं आमी जानार. तुमच्या घरात पाव्हनं म्हनून. सवताचं खाचर सोडून पाव्हना व्हायचं वय न्हाई माजं. सकाळी उठलो की पाय बांधाकडं जातात आन मंग आठवतं.

तू हिस्सा लिवून देतो म्हनतोस. शब्द देतो म्हनतोस. शब्द म्या एकदा घेतला, बाळा. त्यो घेऊन दिवसभर ष्टॅन्डावर हुबा व्हतो.

तू पत्रात लिवलं व्हतंस, आदी कुनीतरी रिकामं व्हावं लागतं. म्या झालो. आता तुजी पाळी हाय. नव्या जागंचा ताबा सोळा तारखंला देनार हायेत. तिथं सही लागंल. यायचं तर ये.

या खेपंला म्या गाडी बघाया येनार न्हाई.

गेनबा चिमाजी